आरपार

अरसलार नदीच्या पुलाअलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. पुढं पेंढ्यानं भरलेली एक ट्रॅक्टरगाडी आडवी झाली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी सगळ्यांनाच आधी जायचं होतं. श्रीवत्सनं गाडीचं इंजिन बंद केलं, काच खाली केली. शेजारी जवळच्या नाचियार्कोविल गावाला जाणारी टाउन बस येऊन थांबली, पुढचा भाग गुलाबी रंगवलेली, आणि तिच्या खिडकीत, त्याच्या डोक्याच्या थोडं वर, एक बाई बसलेली दिसली. हात मांडीवर, मान सरळ, डोळे पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुःख नव्हतं, थकवा नव्हता, कुणासाठी ठेवलेला भावच नव्हता. नळ बंद केल्यावर पाणी थांबतं तसा तो चेहरा थांबलेला होता. असा चेहरा करून माणसं फक्त एकटी असताना बसतात, असं त्याच्या मनात आलं, आणि मग नाकातली चमकी पाहून त्याला कळलं की ही कामाक्षीअक्का आहे. त्याची थोरली बहीण.

सकाळीच त्यानं तिला फोन केला होता. नगरपालिकेसाठी त्यानं नवं वाचनालय आखलं होतं, त्याच्या पायाभरणीला ये म्हणून. ती त्यांच्या घरातल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाली होती, "त्यांस सोडून मी कोठें जाणार रे? मी आपली घरींच." त्यात तक्रार नव्हती. तिच्या नवऱ्याला, सेतुरामभावजींना, अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ती हे वाक्य इतक्यांदा बोलली होती की ते त्याला ऐकूसुद्धा येत नसे. आता तीच अक्का नाचियार्कोविलच्या बसमध्ये होती. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, त्यानं मोबाइल काढून तिला फोन लावला. वर खिडकीत तिची मान खाली झुकली. मांडीवरच्या फोनकडे तिनं पाहिलं. भावाचं नाव वाचायला लागतो तेवढा वेळ पाहिलं, आणि फोन पालथा घातला. त्याच्या कानात घंटा वाजत राहिली. तेवढ्यात पुढची वाट मोकळी झाली, बसनं धक्का दिला आणि अक्का निघून गेली.

पुलावरून वळून तो ऑफिसात आला. लावण्या, त्याच्या हाताखालची आर्किटेक्ट, वाचनालयाचे नकाशे पसरून वाट पाहत होती. तिनं खिडक्यांबद्दल काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं, ते बरोबरही असावं, कारण ती मान हलवून कामाला लागली. त्याला मात्र तो पालथा फोन दिसत होता. अक्काचं काही लपवण्यासारखं असेल, ही कल्पनाच त्याला कधी आली नव्हती. आणि लपवण्यासारखं जे होतं ते काय, तर खिडकीशी बसणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या घरी गेला. ते घर त्यानंच बांधलं होतं. गावाच्या टोकाला, नदीकडच्या बाजूला. त्याचं नाव झालं ते त्या घरामुळं. फाटकातून आत पाऊल टाकलं की समोरचा हॉल, हॉलमधला उघडा चौक, चौकापलीकडचं स्वयंपाकघर आणि त्याही मागची केळीची पानं एका नजरेत यायची. कुठंही बसा, सगळं दिसायचं. चेन्नईच्या मासिकानं त्यावर चार पानं दिली होती आणि समीक्षकांनी लिहिलं होतं की हे घर श्वास घेतं. त्या फोटोंपैकी एकात अक्का होती, जिन्यावरून उतरताना, मुद्दाम धूसर ठेवलेली, माणूस आहे एवढं कळण्यापुरती. त्या घरानंतर त्याला शाळा मिळाल्या, मंगल कार्यालय मिळालं, चेन्नईच्या प्रदर्शनांत केवळ कल्पना म्हणून मांडायची कामं मिळाली. 'दारं नसलेलं घर' नावाची त्याची प्रतिकृती बंगळूरपर्यंत फिरून आली होती.

भावजींचा पलंग हॉलच्या मधोमध होता, चौकाच्या कडेला, जिथं उजेड सगळ्यात चांगला. वरची झोपायची खोली त्यांना आता परकी झाली होती. उजवा हात चादरीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. त्यांची सेवा करायला येणारी अलमेलु त्यांना पेज भरवत होती. श्रीवत्सला पाहून तिनं स्टूल पुढं केलं आणि भांडी घेऊन मागं गेली.

"श्रीवत्सा," भावजी म्हणाले. बँकेत अधिकारी असताना हा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. आता प्रत्येक शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून सुटत होता. "बैस."

"अक्का कुठं?"

"देवळीं. दुपारच्या पूजेस. रोज जाते." त्यांनी डोळ्यांनी फाटक दाखवलं. "येईल. येतांना दिसेल."

मग त्यांनी डोळे मिटले. श्रीवत्सला वाटलं, झोपले. पण ते पुढच्या वाक्यासाठी दम गोळा करत होते.

"तुझें घर. फार चांगलें बांधलास. तेव्हां लोक म्हणाले, सगळें उघडें कशास. आतां मज कळतें. पडल्या जागीं सगळें दिसतें. ती दूध ठेवते, तें दिसतें. तुळशीस पाणी घालते. जिन्यावर बसून डोळे पुसते, तेंही दिसतें."

"डोळे पुसते?"

"कधीं कधीं. मी हाक मारतों. लगेच येते." ते हसले. अर्धा चेहरा हसला. "बिचारीला एकटें वाटूं नये."

श्रीवत्सनं त्यांच्या पलंगाशी डोकं आणलं आणि त्यांच्या उंचीवरून पाहिलं. खरंच होतं. जिन्याची प्रत्येक पायरी. ओटा. देवाचा कोनाडा. वरच्या गॅलरीचा कठडा, आणि कठड्याचे गज इतके विरळ की मागं उभ्या माणसाची पावलंसुद्धा दिसावीत. त्यानं हे सगळं दिवसेंदिवस कागदावर रेघ ओढून तपासलं होतं. इथून तिथं नजर अडता कामा नये. रेघेच्या एका टोकाला कुणीतरी पडून असेल आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी रडत असेल, हे त्या रेघेत नव्हतं. अक्का यायच्या आत तो उठला. भावजी म्हणाले, कॉफी घेऊन जा. तो म्हणाला, साइटवर वाट पाहतायत. हे खोटं होतं.

अक्कानं मागितलं होतं. त्याला आठवायचं नव्हतं तरी गाडीत बसता बसता ते आठवलं. घराचा पहिला नकाशा घेऊन तो गेला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. काय पाहिजे तुला, असं त्यानं विचारलं, आणि स्वयंपाकघराबद्दल ती काय सांगेल ते लिहून घ्यायला पेन काढलं. ती म्हणाली, "मज एक लहान खोली दे. तीस आंतून कडी असूं दे." त्यानं हसून विचारलं, "काय करशील तिथं?" तिनं सुपातला खडा काढून बाजूला ठेवला. "कांहीं नाहीं. बसेन." त्यांच्या बापाच्या घरी दोन खोल्यांत सगळी माणसं होती. अक्का न्हाणीघरात जाऊन बसायची, पाणी न ओतता, आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवायचं. कधी बाप, कधी तोच. तो तर मुद्दाम वाजवायचा. आत काय चाललंय हे कळत नाही याचा त्याला राग यायचा.

खोली त्यानं काढली होती. जिन्यालगत, पूर्वेला एक उभी खिडकी असलेली. पण पुठ्ठ्याची प्रतिकृती तयार झाली आणि त्या खोलीनं सगळं बिघडवलं. फाटकातून केळीपर्यंत जाणारी नजर तिच्या भिंतीवर आपटायची. त्याच सुमारास भावजी ऑफिसात आले, प्रतिकृतीभोवती फिरले आणि बोट ठेवून म्हणाले, "ह्या खोलीस कडी कशास? घरांत कोणापासून लपायचें?" त्या वेळी त्याला काय वाटलं होतं? सुटल्यासारखं वाटलं होतं. पुढं बरीच वर्षं त्यानं स्वतःशी अशी समजूत करून ठेवली होती की खोली भावजींनी काढायला लावली. भावजी फक्त बोलले होते. ब्लेड घेऊन तो पुठ्ठा त्यानंच कापला होता, आणि कापल्यावर खाली वाकून, एक डोळा मिटून, आरपार पाहिलं होतं, आणि त्याला आनंद झाला होता. भिंती उभ्या राहिल्यावर अक्का बांधकाम पाहायला आली. जिन्याजवळ थांबली. "येथें ना?" तो म्हणाला, "तिथं बीम येतं, अक्का. खोली बसत नाही." ती म्हणाली, "असो." आणि वर गॅलरी पाहायला गेली.

त्यानंतरचे काही दिवस त्याच्या हातून विचित्र कामं झाली. वाचनालयाच्या नकाशात, जिथं एकच मोठा प्रशस्त हॉल होता, तिथं तो भिंती घालू लागला. कोपऱ्याकोपऱ्यांत एका माणसापुरत्या खोल्या. प्रत्येकीला दार, दाराला कडी. लावण्यानं दोन दिवस सांगितलं तसं काढलं. तिसऱ्या दिवशी तिनं कागद त्याच्यापुढं ठेवला.

"सर, कमिटी हे बदल पास करणार नाही. सरकारी इमारतीत आतून कडी? आत कोण काय करतंय कसं कळणार?"

"कळायला कशाला पाहिजे?"

तो इतक्या जोरात बोलला की खालच्या दुकानातला माणूस वर पाहू लागला. लावण्या गोरीमोरी झाली. ती काही चुकीचं बोलली नव्हती. ती त्याचीच वाक्यं त्याला सांगत होती, त्याच्याकडून शिकलेली. त्यानं क्षमा मागितली आणि खोल्या पुसल्या, दोन ठेवल्या, मग त्याही पुसल्या.

चेन्नईच्या प्रदर्शनासाठी त्याला एक मांडणी द्यायची होती. प्रत्यक्षात न बांधायची, नुसती कल्पना. त्याच्या मनात आलं, न दिसण्याची जागा. एका बाईसाठी एक बसण्याएवढी पोकळी, जी कुठूनही दिसणार नाही. आतला उजेड कसा असावा ते त्याला लगेच सुचलं. विटेचा पोत सुचला. बसच्या खिडकीची आठवण म्हणून एकच उभी फट सुचली, आणि पेन्सिल भराभर चालायला लागली, अंगात तो जुना, ओळखीचा, ऊब देणारा आनंद शिरला, आणि मध्येच तो थांबला. हा तोच आनंद होता. एक डोळा मिटून आरपार पाहतानाचा. अक्काचं दुःख त्याला सापडून पुरता आठवडा झाला नव्हता आणि त्यानं त्याची चौकट तयार केली होती, खाली दोन ओळी लिहायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्यानं तो कागद फाडला. फाडताना आपण फाडतोय हे कुणी पाहायला हवं होतं असंही त्याला वाटलं, आणि त्याचीही त्याला किळस आली.

काहीतरी केलं पाहिजे, बोललं पाहिजे. पुढच्या सोमवारी तो गावातल्या महामहम तळ्याजवळच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. अक्का आली. हातात देवळाची टोपली होती, तिच्यात नारळ होता. बस आली तशी ती पुढच्या दारानं चढली, तो मागच्या. ती खिडकीशी बसली. शेजारची जागा मोकळी होती. तो जाऊन तिथं बसला.

"सार, ती बायकांची सीट आहे," कंडक्टर तमिळमध्ये म्हणाला.

अक्कानं मान वळवली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर निव्वळ भीती होती. "त्यांस कांहीं जाहलें?"

"नाही, नाही. भावजी बरे आहेत."

तिनं श्वास सोडला. कंडक्टरला तमिळमध्ये म्हणाली, "माझा धाकटा भाऊ आहे. बसू दे." मग पुन्हा मराठीत, "तू कां आलास?"

बसमध्ये गर्दी होती. मागं बायका लग्नाच्या पितळी समयांबद्दल मोठ्यानं बोलत होत्या. त्यांची मराठी इथं कुणाला कळणार नव्हती. लहानपणी बाजारात ती दोघं अशीच बोलत, लोकांच्या तोंडावर लोकांबद्दल.

"मी तुला पाहिलं. त्या दिवशी, पुलाजवळ."

तिनं टोपलीवरचं फडकं नीट केलं. "कोणास सांगितलास?"

"नाही."

"शरि, बरें."

"कुठं जातेस अक्का?"

"नाचियार्कोविल. तेथें बस फिरते. कंडक्टर चहा प्यायला उतरतो, मी आंतच बसतें. मग परत."

"देवळात नाही?"

"देवळांत ओळखीचे भेटतात. त्यांची तब्येत कशी, औषध कोणाचें. मज पुन्हा सगळें सांगावें लागतें. येथें कोणी विचारत नाहीं." ती बाहेर पाहू लागली. गाव मागं पडलं होतं. भातं पिवळी झाली होती, एका शेतात कापणीचं यंत्र फिरत होतं आणि त्याच्यामागं बगळे. "वाईट कांहीं नाहीं, श्रीवत्सा. ते चांगले आहेत. हाक मारतात तेंही प्रेमानें मारतात. पण दिवसभर कोणी तरी पाहतें आहे म्हटलें म्हणजे चेहरा धरून ठेवावा लागतो. गाल दुखतात."

त्यानं वाक्य तयार करून आणलं होतं. "मी ती खोली बांधतो. जिन्यालगत. थोड्याच दिवसांत होईल. तुला काही करायला नको."

अक्का हसली. खरंच हसली, त्याला बरं वाटावं इतकी.

"आतां बीम येत नाहीं?"

बस खड्ड्यातून गेली. त्याचा गुडघा पुढच्या दांडीवर आपटला. तो गुडघा चोळत राहिला, कारण मान वर करता येत नव्हती.

"मज तेव्हांच ठाऊक होतें," ती म्हणाली. "तू खोटें बोलतोस तेव्हां फार सावकाश बोलतोस. लहानपणापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलूं? तू किती सुखांत होतास. तेही. फोटो काढणारे आले, मोठमोठी माणसें आलीं, सगळ्यांनी म्हटलें असें घर पाहिलें नाहीं. मी मनांत म्हटलें, एवढ्या सुंदर घरांत मजलाच कां कडी पाहिजे? सगळ्यांस उजेड पाहिजे, मज कां नको? माझ्यांतच कांहीं वांकडें असेल. पुष्कळ दिवस तसेंच वाटत होतें."

हे त्याला माहीत नव्हतं. खोली नाही हे माहीत होतं, खोटं बोललो हे माहीत होतं. पण त्या रिकाम्या जागेत ती इतकी वर्षं स्वतःला तपासत उभी असेल, हे त्याच्या कुठल्याही नकाशात आलं नव्हतं.

"अक्का, मी आता बांधतो. उद्या माणसं पाठवतो."

"नको." आता आवाज बदलला होता. "तूच ऐक. त्यांचें काय राहिलें? हात गेला, पाय गेला, जीभ अर्धी गेली. डोळे तेवढे आहेत. त्या डोळ्यांपुढें भिंत बांधूं? मी कडी लावून आंत बसलें, आणि ते तेथें पडून भिंतीकडे पाहतात. मज तेथें बसवेल काय? तेव्हां बांधली असतीस तर ती घराची खोली झाली असती. आतां बांधलीस तर त्यांच्यावरच बांधल्यासारखी होईल."

त्यानं समोरची दांडी धरली. काही वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण अजून कशाची तरी वाट पाहतोय. ती काही म्हणेल. जाऊं दे, असं म्हणेल. लहानपणी त्यानं तिची पाटी फोडली तेव्हा म्हणाली होती तसं. ते ऐकलं की त्याला ऑफिसात परत जाता येईल, चेन्नईचं काम संपवता येईल. त्यासाठीच तो थांब्यावर येऊन उभा राहिला होता का? खोली द्यायला आला होता की हे घ्यायला?

"अक्का, मी..."

"श्रीवत्सा." तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. हात कोरडा आणि गरम होता. "तू उतर."

"काय?"

"पुढल्या थांब्यास उतर. रागावलें नाहीं मी. घरीं ये, जेव, त्यांशीं बोल, सगळें पहिल्यासारखें. पण येथें नको. ही एवढी जागा माझी होती. तू बसलास आणि आतां घर येथेंही आलें बघ. मी तुझ्याकडे पाहून पुन्हा चेहरा धरून बसलें आहे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली. ती म्हणत होती ते खरं होतं. गालाचे स्नायू ताणलेले होते. त्याच्यासाठी.

बस थांबली. तो उतरला. उतरताना मागं वळून हात करावा असं वाटलं, त्यानं केला नाही. रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर होतं, खाली सिमेंटचं बाकडं, आणि दोन्ही अंगांना भात. फोन करून लावण्याला गाडी पाठवायला सांगता आलं असतं. त्यानं फोन काढलाच नाही. यंत्राचा आवाज दुरून येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. ऊन खांद्यावर बसलं होतं. परतायला तीच बस येणार हे त्याला ठाऊक होतं. बोलायचं काय उरलं होतं ते त्याला कळत नव्हतं, तरी वाक्यं तयार होत होती, एकामागून एक, सगळी चांगली.

मग ती आली. आधी हॉर्न ऐकू आला, मग वळणावर गुलाबी रंग दिसला. काच उन्हानं चमकत होती, आत कोण ते दिसत नव्हतं, पण आणखी थोड्या वेळात दिसलं असतं. तो उठला. छपराखालून बाहेर आला, रस्ता ओलांडला नाही, तर बांधावर उतरला आणि भाताकडे तोंड करून उभा राहिला. मागं बस मंद झाली. ड्रायव्हरला वाटलं असावं, उतारू आहे. ब्रेक लागले. इंजिन जागच्या जागी धडधडत राहिलं. कंडक्टरनं हाक दिली, "सार, यायचंय?" श्रीवत्सनं पाठ न वळवता, हात खांद्याच्या वर नेऊन नकारार्थी हलवला. डोळ्यांसमोर लोंब्या होत्या, दाणे भरून वाकलेल्या. तो त्यांच्याकडेच पाहत राहिला. कंडक्टरनं शिटी मारली, गिअर पडला, बस निघाली आणि तिचा आवाज पुष्कळ वेळ त्याच्या पाठीवरून जात राहिला.

तो पूर्ण विरल्यावर त्यानं बुटांचा चिखल बांधावर घासला आणि गावाच्या दिशेनं चालायला लागला.